गॅरेजवरची खोली: सेंट्रल एसी-फर्नेसची हवा नेमकी कुठे अडते?

जूनमधला पहिला उकाडा आणि डिसेंबरातली पहिली कडाक्याची थंडी, ह्या दोन आठवड्यांत मला ठरावीक फोन येतात. इथे अमेरिकेतल्या सेंट्रल न्यू जर्सीत आमच्या ओळखीची पंधरा-वीस मराठी घरं आहेत. बहुतेक घरं १९८० नंतरची, दोन मजली, खाली बेसमेंट, बाजूला दोन गाड्यांचं गॅरेज. फोनवरचं वाक्यही ठरलेलं: "खाली शाल घेऊन बसलोय आणि वर मुलाच्या खोलीत दोन मिनिटं उभं राहवत नाही." मुलाची खोली हटकून गॅरेजच्या वर असते.

मी एसीचा धंदा करत नाही. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, पण ही विद्या कॉलेजात नाही, स्वतःच्या घरात दोन उन्हाळे घामाघूम होऊन शिकलो. मग एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि टॉर्च घेऊन लोकांच्या बेसमेंटमध्ये वाकून फिरणं हा माझा शनिवारचा उद्योग झाला. तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाचं लिहून काढतो.

आधी लक्षणं

खालच्यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील तर दोष बहुधा यंत्रात नसतो, हवेच्या वाटेत असतो:

- एक-दोन खोल्या बाकीच्या घरापेक्षा पाच-आठ अंश फॅरनहाइटने गरम किंवा गार.
- व्हेंटवर (खोलीत हवा सोडणाऱ्या जाळीवर) हात धरला तर हवा येते, पण चहावर फुंकर मारावी इतकीच.
- खोलीचं दार बंद केलं की ती फुंकरही मंदावते. दार आपोआप आपटतं किंवा खालच्या फटीतून शीळ वाजते.
- हॉलमधल्या मोठ्या रिटर्न जाळीपाशी (घरातली हवा परत आत ओढली जाते ती जाळी) सतत घूं-घूं आवाज.
- फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) पेटते, चार-पाच मिनिटांत बर्नर विझतो, पंखा चालूच राहतो, थोड्या वेळाने पुन्हा पेटते.
- उन्हाळ्यात बेसमेंटमधल्या तांब्याच्या जाड नळीवर बर्फ.
- फिकट कार्पेटवर दाराखाली आणि भिंतीच्या कडेने काळपट रेघ. ती कितीही घासली तरी परत येते. ही अस्वच्छता नव्हे. त्या फटीतून रोज हवा गाळली जातेय त्याची ती खूण.

उलट प्रत्येक व्हेंटमधून जोरात हवा येतेय पण गारच नाही, असं असेल तर ते वेगळं दुखणं. तापमान मोजण्याच्या भागात त्याचा निवाडा लागेल.

एक गोष्ट मनात पक्की करा, मग पुढचं सगळं सोपं जातं. बेसमेंटमधला ब्लोअर, म्हणजे यंत्रातला मोठा पंखा, बाहेरून हवा आणत नाही. घरातलीच हवा ओढतो, गार किंवा गरम करतो आणि परत घरात सोडतो. जितकी आत ओढता येईल तितकीच बाहेर ढकलता येते. पण मी ज्या ज्या घरात गेलो तिथे मंडळी हवा येते त्या व्हेंटपाशी हात धरून उभी असतात. ती परत जाते कुठून, हे विचारलं की एकमेकांकडे बघतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घरांत गोम तिथेच निघाली.

पुढच्या सगळ्या तपासण्यांसाठी थर्मोस्टॅटवर फॅन "ऑटो"वरून "ऑन"वर ठेवा, म्हणजे हवा अखंड वाहती राहील. काम झालं की आठवणीने परत "ऑटो". उन्हाळ्यात "ऑन" तसाच राहिला तर एसीच्या कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांवर) जमलेलं पाणी हवेत परत मिसळतं आणि घर दमट होतं.

फुकटातली पहिली फेरी: व्हेंट

कागद-पेन्सिल घ्या आणि प्रत्येक खोलीतले व्हेंट मोजा. नुसते बघू नका, वाका. व्हेंटच्या कडेचा खटका उघडा आहे का? आतली पट्टी गंजून अर्ध्यावर अडकली आहे का? वर पलंग, सोफा, पडद्याचा घोळ, गालिचा आला आहे का?

हसू नका. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की पहिल्या आठवड्यात त्यांच्या खोलीतला व्हेंट बंद होतो, कारण "ती हवा अंगावर येते". एका मित्राकडे व्हेंटमध्ये जुन्या सुती साडीचा बोळा निघाला. आई परत जाऊन दोन वर्षं झाली होती. दुसरीकडे गणपतीच्या मखराचं थर्माकोल ठेवायला जागा नव्हती म्हणून ते जिन्याखालच्या रिटर्न जाळीला टेकवून ठेवलं होतं, ते पुढच्या गणपतीपर्यंत तसंच. जमिनीतल्या व्हेंटची जाळी उचलून आत हात घाला: खेळण्यांचे तुकडे, मोजे, एकदा तर अख्खी टीव्हीची रिमोट.

त्याच फेरीत रिटर्नच्या जाळ्या मोजा. त्या मोठ्या असतात, त्यांना बंद-उघडचा खटका नसतो आणि कागदाचा तुकडा लावला तर तो चिकटून बसतो. टिश्यू पेपर लावून बघा. जाळीला घट्ट चिकटला तर ओढ आहे. गळून पडला तर ती वाट पुढे कुठेतरी बुजली आहे.

आणि हो, "खालचे व्हेंट बंद केले की वर जास्त हवा जाईल" हा उपाय प्रत्येकाने करून पाहिलेला असतो. एखाद-दुसरा अर्धा बंद केला तर चालतं. पाच-सहा बंद केले की डक्टमधला, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या वाटेतला, दाब वाढतो. जुन्या पद्धतीची मोटर असेल तर एकूण हवाच कमी होते. नव्या ईसीएम (आपला वेग आपणच सांभाळणाऱ्या) मोटरची तऱ्हा वेगळी, ती हवा टिकवायला जास्त वीज खाते आणि आवाज करते. आणि वाढलेल्या दाबाने डक्टच्या फटींतून गळती वाढते, ती वेगळीच. म्हणजे हवा वर जात नाही, बेसमेंटला थंडावा मिळतो. सगळे व्हेंट आधी पूर्ण उघडा, मगच पुढे चला.

फिल्टर: दहा-वीस डॉलरचा प्रश्न

फिल्टर बदला हे सगळेच सांगतात. मला जरा वेगळं सांगायचंय: कधीकधी नवाकोरा फिल्टरच गुन्हेगार असतो.

जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर इथवर आला, आकाश नारिंगी झालं, तेव्हा सगळ्यांनी धावत जाऊन दुकानातला सगळ्यात बारीक फिल्टर आणला. एक इंच जाडीचा, मर्व्ह १३. (मर्व्ह हे फिल्टरच्या बारीकपणाचं माप, आकडा मोठा तितकी जाळी बारीक.) त्या दिवसांपुरतं ते बरोबरच होतं. पण मग तीच सवय लागली आणि त्याच उन्हाळ्यात "एसीत दम राहिला नाही" असे फोन सुरू झाले.

थोडा हिशोब करू. एसीच्या प्रत्येक टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा वाहायला हवी. (एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी. एसी येण्याआधी बर्फाच्या लाद्या विकल्या जायच्या, त्या काळचं हे माप.) तीन टनांचा एसी म्हणजे १,२०० घनफूट. १६ बाय २५ इंचांच्या फिल्टरचं तोंड आहे ४०० चौरस इंच, म्हणजे पावणेतीन चौरस फूट. त्यातून १,२०० घनफूट जायचे तर हवेला मिनिटाला ४३० फुटांच्या वेगाने पळावं लागतं. ३०० च्या आसपास वेग असला तर फिल्टर सुखाने श्वास घेऊ देतो. २० बाय २५ चा असेल तर वेग साडेतीनशेवर उतरतो. अरुंद तोंड, त्यात बारीक जाळी, म्हणजे तोंडावर घट्ट रुमाल बांधून जिना चढण्यासारखं.

करून बघा: फिल्टर पंधरा मिनिटांपुरता काढून ठेवा आणि त्या आडमुठ्या खोलीतल्या व्हेंटवर हात धरा. हवेत लक्षणीय फरक पडला तर दुखणं सापडलं. फिल्टर परत बसवायला मात्र विसरू नका. आमच्यातल्या एकाने "फिल्टरशिवाय मस्त चालतं" म्हणून तसंच दोन वर्षं चालवलं. धूळ आणि फोडणीचं तेल एकत्र येऊन कॉइलवर नमदा जमला. तो साफ करून घेण्याचं बिल किती आलं ते मी इथे लिहीत नाही, वहिनी वाचतील.

एक इंची फिल्टरला मर्व्ह ८ किंवा फार तर ११ पुरे. आपल्या स्वयंपाकाचा विचार करता एक-दोन महिन्यांनी बदला, पाकिटावर तीन महिने लिहिलेले असले तरी. फिल्टरवरचा बाण ब्लोअरच्या दिशेने हवा. चौकटीत फिल्टर सैल बसत असेल तर हवा बाजूने निसटते आणि धूळ थेट कॉइलवर जाते. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल आणि बारीक फिल्टर हवाच असेल, तर चार-पाच इंच जाडीच्या फिल्टरची पेटी बसवून घ्या. घड्या जास्त, म्हणून कापडाचा पसारा जास्त, म्हणून अडथळा कमी. तो सहा महिने ते वर्षभर चालतो. पेटी बसवायला डक्ट कापावा लागतो, ते काम पत्र्याची कामं करणाऱ्याकडून करून घ्या.

दाराची परीक्षा

ही माझी आवडती. पैसा लागत नाही, दोन मिनिटांत होते, आणि गॅरेजवरच्या खोलीत जवळजवळ दरवेळी काहीतरी सांगून जाते.

ब्लोअर चालू. खोलीची खिडकी बंद, दार बंद. व्हेंटसमोर टिश्यूची पट्टी धरा आणि ती किती उडते ते बघा. आता दुसऱ्या कुणाला दार हळूहळू उघडायला सांगा. पट्टी एकदम जास्त फडफडली, किंवा दार उघडताना फटीतून भस्सकन हवा बाहेर गेली, तर खोलीला रिटर्न नाही किंवा पुरेसा नाही. व्हेंटने आत आलेल्या हवेला बाहेर पडायला जागा नाही. फुग्यात फुंकत राहिलं की गाल दुखतात, तसं ब्लोअरचं होतं.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. त्या खोलीत हवा कोंडली, म्हणजे बाकीच्या घरात तेवढी कमी पडली. ब्लोअर ती कुठून तरी ओढणारच: खिडक्यांच्या फटींतून, गॅरेजच्या दारातून, आणि बेसमेंटमध्ये जुन्या पद्धतीचा गॅस वॉटर हीटर असेल तर त्याच्या धुराड्यातून उलटी. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. म्हणून हा नुसता सुखसोयीचा प्रश्न नाही. प्रत्येक मजल्यावर सीओ अलार्म हवाच.

स्वस्त उपाय म्हणजे दार उघडं ठेवणं. रात्री नको असेल तर दार खालून तासून घेणं. पण त्याची मर्यादा समजून घ्या: ३० इंच रुंद दाराखाली एक इंच फट ठेवली तर त्यातून मिनिटाला ५०-६० घनफूट हवा आरामात जाते. लहान बेडरूमला तेवढं बऱ्यापैकी होतं. चारशे चौरस फुटांच्या खोलीला तुटपुंजं. तिथे दारावरच्या भिंतीत दोन्ही बाजूंनी जाळी, किंवा खोलीच्या छतातून पॅसेजच्या छतात उतरणारा छोटा डक्ट, किंवा स्वतंत्र रिटर्न लागतो. गॅरेज आणि घर ह्यांच्यामधल्या भिंतीला किंवा छताला मात्र भोक पाडू नका. तो आगीचा अडसर आहे, आणि गॅरेजमधला धूर घरात येण्याची ती वाट होते.

स्वयंपाकघरातला थर्मामीटर

मिठाईच्या पाकासाठी किंवा ओव्हनसाठी जो सळईचा डिजिटल थर्मामीटर असतो तो पुरतो. एसी पंधरा मिनिटं चालू द्या. रिटर्नच्या जाळीपाशी तापमान घ्या, मग फर्नेसच्या सगळ्यात जवळच्या व्हेंटमध्ये सळई घालून घ्या. दोन्हींतला फरक साधारण १६ ते २२ अंश फॅरनहाइट असावा.

फरक त्याहून जास्त, आणि हवा मंद: हवा कमी वाहतेय, कॉइलवर रेंगाळून जास्तच गार होतेय. हीच हवा आणखी कमी झाली की बर्फ. फरक १४-१५ च्या खाली, आणि हवा जोरदार: दुखणं एसीतल्या गॅसचं (रेफ्रिजरंटचं) किंवा कॉम्प्रेसरचं. तिथे तुम्ही-मी काही करायचं नाही. रेफ्रिजरंटला हात लावायला इथे ईपीएचं (सरकारच्या पर्यावरण खात्याचं) ६०८ प्रमाणपत्र लागतं.

हिवाळ्यात हीच मोजणी फर्नेसवर करा. फर्नेसच्या आतल्या पाटीवर तापमानवाढीची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ३५ ते ६५. तुमचा फरक वरच्या आकड्याच्या पलीकडे गेला तर आतला लिमिट स्विच बर्नर बंद करतो. पेटते-विझते-पेटते ह्या लक्षणाचं कारण बहुधा हेच. फर्नेस बिघडलेली नसते, स्वतःला वाचवत असते. असं वर्षानुवर्षं चालू राहिलं तर हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता हवेला देणाऱ्या पत्र्याच्या कप्प्याला) चीर जाण्याचा धोका असतो, आणि ते प्रकरण महागही आहे आणि जिवावरचंही.

नळीवर आधीच बर्फ दिसत असेल तर मोजत बसू नका. एसी बंद, फॅन "ऑन", खाली टॉवेल आणि परात. बर्फ पूर्ण वितळायला काही तास, कधी अख्खा दिवस लागतो. खरवडू नका, कॉइल फुटेल. फिल्टर बदला, व्हेंट उघडा, मग सुरू करा. पुन्हा बर्फ झाला तर फोन उचला.

बेसमेंटमधले खटके

बेसमेंटच्या छताजवळ मुख्य चौकोनी डक्ट आणि त्यातून फुटणाऱ्या गोल नळ्या दिसतील. कित्येक नळ्यांवर सुरुवातीलाच एक छोटा दांडा किंवा फुलपाखरासारखा नट असतो. तो आतल्या झडपेचा, म्हणजे डँपरचा. दांडा नळीच्या दिशेत असेल तर उघडं, आडवा असेल तर बंद. घर बांधणाऱ्याने ते कसेही सोडलेले असतात.

उन्हाळ्यात गरम हवा वर चढते, म्हणून वरच्या मजल्याचे डँपर पूर्ण उघडे, खालचे थोडे आवळलेले. हिवाळ्यात उलट. एका वेळी एकच दांडा, थोडासाच फिरवा, एक दिवस थांबा, खोल्यांची तापमानं लिहा. घाई करणारे सगळे दांडे एकाच संध्याकाळी फिरवतात आणि मग काय केलं तेच आठवत नाही. मार्करने "उ" आणि "हि" अशा खुणा करून ठेवा.

गंमत म्हणजे ही तक्रार शंभर वर्षांची आहे, आणि आमच्याच राज्यातली. मॉरिसटाउनच्या ॲलिस पार्कर ह्यांना १९१९ साली गॅसवर चालणाऱ्या हीटिंग फर्नेसचं पेटंट मिळालं. त्यांच्या आराखड्यात घराच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी उष्णता देता यावी अशी योजना होती. आणि आम्ही अजून दोन मजले एका थर्मोस्टॅटवर ढकलतोय.

गळती

एनर्जी स्टार ह्या सरकारी वीजबचत कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे नेहमीच्या घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा फटींतून, भोकांतून आणि सुटलेल्या सांध्यांतून वाया जाते. बिल वाढतं ते आधी इथून.

शोधायची पद्धत घरगुती: उदबत्ती. ब्लोअर चालू ठेवून प्रत्येक सांध्याजवळून ती हळू फिरवा. धूर दूर उडाला तर हवा बाहेर गळतेय. धूर आत ओढला गेला तर तो रिटर्न डक्ट आहे आणि बेसमेंटची धूळ-ओल चाखतोय. (स्मोक अलार्मपासून लांब. मला एकदा फायर ब्रिगेडला "पूजा नाही, डक्ट" असं समजावून सांगावं लागलं आहे.) बर्नरचं झाकण, गॅसची नळी, वॉटर हीटर ह्यांच्या जवळपास उदबत्ती नेऊ नका.

बुजवायला कापडी डक्ट टेप वापरू नका. नाव डक्ट टेप असलं तरी डक्टलाच ती टिकत नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ साली निरनिराळ्या टेपांची कसोटी घेतली, तेव्हा तीच सपशेल नापास झाली. उष्णतेने गोंद वाळतो आणि पट्टी लोंबायला लागते. यूएल १८१ असा शिक्का असलेली ॲल्युमिनियम फॉइल टेप घ्या, किंवा त्याहून उत्तम म्हणजे मॅस्टिक. हे राखाडी, श्रीखंडाएवढं दाट लुकण असतं. पत्रा पुसून घ्या, हातमोजे घाला आणि ब्रशने सांध्यावर जाडसर थापा. पाव इंचापेक्षा मोठी फट असेल तर आधी फायबरग्लासची जाळीपट्टी, वर मॅस्टिक. दिवसभर वाळू द्या.

सुरुवात ब्लोअरजवळच्या मोठ्या सांध्यांपासून करा, कारण तिथे दाब सर्वाधिक. त्यातही रिटर्नची बाजू आधी. जुन्या घरांत रिटर्नला धड डक्टही नसतो. दोन लाकडी तुळयांमध्ये पत्रा ठोकून वाट केलेली असते आणि तिच्या प्रत्येक कडेने हवा चोरीला जाते. मग व्हेंटच्या जाळ्या काढून पत्र्याचं तोंड आणि जमिनीचं लाकूड ह्यांमधली फट भरा. आमच्या घरी नुसत्या ह्या एका दुपारच्या कामाने कार्पेटवरची काळी रेघ पुन्हा आली नाही.

घर जुनं असेल आणि सांध्यांवर पांढरट, कागदासारखी पट्टी चिकटवलेली दिसली तर हात मागे घ्या. १९७० च्या दशकापर्यंतच्या घरांत ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ओढायची नाही, खरवडायची नाही. आधी नमुना तपासून घ्या.

पोटमाळा आणि गॅरेजचं छत

आता त्या खोलीचं मूळ दुखणं. गॅरेजवरच्या खोलीला खालून गॅरेज, वरून छप्पर आणि तीन बाजूंनी बाहेरची हवा. म्हणजे तिला इतर खोल्यांपेक्षा जास्त हवा हवी. पण ती ब्लोअरपासून सगळ्यात लांब, आणि बिल्डरने तिथवर एकच सहा इंची नळी नेलेली असते. तशा नळीतून मिनिटाला फार तर १०० घनफूट जातात. खोलीला बऱ्याचदा त्याच्या दुप्पट-अडीचपट लागतात.

शेवटचा तुकडा बहुधा फ्लेक्सचा, म्हणजे वाकणाऱ्या डक्टचा असतो. आत तारेचा सापळा, बाहेर लोकर, वर चंदेरी कातडं. हा सरळ ताणलेला असला तर ठीक. वीस फुटांच्या जागेत पंचवीस फूट कोंबला असेल तर आतल्या सुरकुत्या हवेला प्रत्येक इंचाला अडवतात. बघायचं ते इतकंच: कुठे लोंबतोय का (दर फुटाला अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ नको), कोपऱ्यात मुरडून बोळा झालाय का, एखाद्या खोक्याखाली चेपलाय का, आणि टोकाला सुटलाय का. मागच्या वर्षी एका मित्राला एका कंपनीने सगळी यंत्रणा बदलून चार टनांचा एसी बसवायचा कोटेशन दिलं होतं. आम्ही पोटमाळ्यावर चढलो तर नळी तोंडापासून निखळून पडली होती आणि तीन उन्हाळे पोटमाळा थंड करत होती. नवी पट्टी, मॅस्टिक आणि चाळीस मिनिटं.

फ्लेक्स दर चार फुटांवर रुंद पट्टीने टांगा. तारेने किंवा सुतळीने नको, ती चिरते. जास्तीचा तुकडा कापून सरळ करा.

पोटमाळ्यावर जाताना नियम: उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, खाली दुसरं माणूस असताना, मास्क लावून, आणि पाय फक्त लाकडी तुळईवर. तुळयांच्या मधे पाय पडला तर खालच्या खोलीच्या छतातून तो बाहेर येतो. हे मी ऐकीव सांगत नाही. राखाडी-सोनेरी अभ्रकासारखे बारीक खडे पसरलेले दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं आणि त्यातही ॲस्बेस्टॉस सापडतो. शिडी उतरा.

गॅरेजचं छत फोडून आतला डक्ट बघायचा मोह होतो. तो आवरा. ते आगरोधक छत असतं, तसंच परत बंद करावं लागतं. आणि गॅरेजमधून जाणाऱ्या डक्टला गळती असेल तर तुमच्या गाडीचा धूर मुलाच्या खोलीत पोचतो.

इथे थांबा

गॅसचा वास आला: दिव्याचं बटणही न दाबता घराबाहेर, आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन. सीओ अलार्म वाजला: बाहेर, आणि ९११. फर्नेसची ज्योत निळ्याऐवजी पिवळी, लवलवती दिसली. ब्रेकर परत परत पडतोय. जळका वास येतोय. स्वच्छ फिल्टर असूनही दुसऱ्यांदा बर्फ झाला. कॉइल किंवा ब्लोअरचं चाक धुळीने लिंपलंय. मोटरचा वेग बदलायचाय. नवा डक्ट किंवा नवा रिटर्न टाकायचाय. ह्यांतलं काहीही स्वतः करायचं नाही. आपल्या राज्यात ह्या कामाचा परवाना असतो. तो नंबर विचारायला लाजू नका.

माणूस आला की तो बहुधा आधी मोठं यंत्र सुचवेल. अरुंद डक्टवर मोठं यंत्र म्हणजे बारीक मानेच्या बाटलीत बादली ओतणं. त्याला तीन गोष्टी विचारा. पहिली: एकूण स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवा ढकलताना ब्लोअरवर येणारा दाब, किती आलं? तो मॅनोमीटरने मोजेल; बहुतेक घरगुती फर्नेस ०.५ इंच पाण्याच्या दाबासाठी बनवलेल्या असतात, ०.८ किंवा ०.९ आकडा आला तर हवा घुसमटतेय. ही भोकं स्वतः पाडू नका, ड्रिल कॉइलमध्ये गेलं की खेळ खलास. दुसरी: त्यातला किती दाब रिटर्नच्या बाजूला आहे? इथेच बहुतेकांची बोलती बंद होते. तिसरी: यंत्राचा आकार मॅन्युअल जे (घराला किती गारवा-ऊब लागते ते काढायची ठरलेली पद्धत) प्रमाणे मोजलाय की घराच्या चौरस फुटांवरून अंदाजाने? मोजणारा माणूस खिडक्या मोजतो, इन्सुलेशन बघतो, तासभर घेतो.

डक्ट साफ करून देतो म्हणून येणाऱ्या पत्रकांना भुलू नका. ईपीएसुद्धा डक्ट नेमाने साफ करायचा सल्ला देत नाही. आत बुरशी किंवा उंदीर असतील, किंवा कचऱ्याने वाट खरोखर बुजली असेल, तरच.

आणि सगळं करूनही गॅरेजवरची खोली हट्टाला पेटली असेल, तर तिला घराच्या यंत्रणेतून सोडवून एक छोटा स्वतंत्र मिनी-स्प्लिट लावा. पुण्यात बेडरूमच्या भिंतीवर असतो तसाच, फक्त हिवाळ्यात गरमही करणारा. आमच्याकडे शेवटी तेच केलं. मुलगा त्याच वर्षी कॉलेजला गेला. आता त्या खोलीत माझी आई राहते, आणि ती तो रिमोट उशीखाली बंद करून ठेवते.